टीव्ही, डिस्क रेकॉर्डर आणि केबलचा बॉक्स: कोणती वायर कुठे लावायची

केबलची वायर डिस्क रेकॉर्डरच्या (टीव्हीवरचे कार्यक्रम डीव्हीडीवर उतरवून घेणाऱ्या यंत्राच्या) मागे थेट खोचली, चॅनल शोधायला लावले, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या, तर रेकॉर्डर बिघडला असं समजू नका. त्याच्या आतला ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारा भाग, जुन्या ॲनालॉग पद्धतीचा आहे. ग्रामीण भागातली केबल डिजिटल करण्याची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. तेव्हापासून चॅनल उलगडून दाखवायचं काम केबलच्या बॉक्सचं आहे. रेकॉर्डरला स्वतःला एकही चॅनल लागणार नाही. बॉक्स जे चित्र देईल तेवढंच तो टिपेल.

एवढं पक्कं बसलं की जोडणी सोपी होते. चित्र पाटाच्या पाण्यासारखं एकाच दिशेनं जातं: बॉक्समधून रेकॉर्डरमध्ये, रेकॉर्डरमधून टीव्हीत. म्हणून प्रत्येक वायरचं एक टोक ‘आउट’ लिहिलेल्या ठिकाणी आणि दुसरं ‘इन’ लिहिलेल्या ठिकाणी लागतं. दोन्ही टोकं आउटमध्ये गेली तर काळ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. बहुतेक घरांत चूक इथंच होते, कारण रेकॉर्डरच्या मागे पिवळ्या, पांढऱ्या, लाल भोकांच्या दोन सारख्याच रांगा असतात. मोबाईलचा टॉर्च लावून अक्षरं वाचा. आत येणाऱ्या रांगेवर एल१, ए-व्ही१ किंवा लाइन इन असं लिहिलेलं असतं.

सामान असं लागेल: तीन रंगांच्या पिनांची ए-व्ही (चित्र-आवाजाची) वायर दोन जोड्या आणि टीव्हीला एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून घेणारं चपटं भोक) असेल तर एचडीएमआय वायर एक किंवा दोन. दीड मीटर लांबी पुरते.

टीव्ही एलईडी असेल आणि बॉक्सला एचडीएमआय असेल, तर बॉक्सचं एचडीएमआय सरळ टीव्हीच्या पहिल्या एचडीएमआयमध्ये लावा. रोजचं पाहणं यावर. मग बॉक्सच्या ए-व्ही आउटमधून रेकॉर्डरच्या एल१ इनमध्ये वायर न्या, आणि रेकॉर्डरच्या आउटमधून टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआयमध्ये किंवा ए-व्हीत. यात फायदा असा की रेकॉर्डर बंद असला तरी टीव्ही पाहता येतो. बॉक्सचं एचडीएमआय रेकॉर्डरच्या एचडीएमआयला जोडायच्या भानगडीत पडू नका. घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरवरचं ते भोक फक्त आउट असतं.

जुन्या पेटीच्या टीव्हीला ए-व्हीची एकच रांग असते. तिथं साखळी करावी लागते: बॉक्स ते रेकॉर्डर, रेकॉर्डर ते टीव्ही. अशा जोडणीत बातम्या पाहायच्या तरी बहुतेक वेळा रेकॉर्डर चालू ठेवावा लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच दाखवून ठेवा, नाहीतर रोज सकाळी ‘टीव्ही बिघडला’ म्हणून हाका येतील.

पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी लावा. चित्र काळं-पांढरं आलं तर दोन कारणं तपासा. बऱ्याच नव्या टीव्हींत पिवळ्याचं आणि हिरव्याचं भोक एकच असतं. तिथं रिमोटवर ‘कंपोनंट’ निवडलं गेलं की रंग जातो, ‘ए-व्ही’ निवडा. दुसरं कारण पाल आणि एनटीएससी या रंगीत चित्राच्या दोन पद्धतींचा घोळ. आपल्याकडे पाल चालतं. अमेरिकेतून आणलेला रेकॉर्डर असेल तर सेटिंगमध्ये आधी तेच बघा, बॉक्सच्या मेनूतही बघा. लहान बॉक्सना तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं. त्याच्या वायरीत चित्र-आवाजाची रचना कंपनीगणिक बदलते, म्हणून शक्यतो बॉक्सबरोबर आलेलीच वायर वापरा. दुसरी लावल्यावर चित्राच्या जागी खरखर आली, तर दुसऱ्या टोकाच्या रंगीत पिना आपसात बदलून पाहा. बरेचदा चित्र लाल पिनेवर सापडतं.

आता केबलची मुख्य वायर. चॅनल मध्येच चौकोन-चौकोन होऊन अडकत असतील तर ऑपरेटरला फोन करण्याआधी बॉक्समागचा पेचाचा कनेक्टर उघडून बघा. मध्ये एक जाड तार, तिच्याभोवती पांढरं फोम, त्यावर बारीक तारांची जाळी. त्या जाळीतला केसाएवढा एक तंतू जरी मधल्या तारेला टेकला, तरी सिग्नल तिथंच संपतो. टोक छाटून नवं करा: वरचं आवरण साधारण दीड सेंटीमीटर सोला, जाळी पूर्ण मागे उलटवा, फोमवर एकही तंतू राहू देऊ नका, टोकाकडचा फोम कापून मधली तार उघडी करा, मग कनेक्टर पिळून बसवा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलीमीटर दिसली पाहिजे. जास्त असेल तर कटरनं छाटा. तार हिरवी पडली असेल तर पावसाचं पाणी आत शिरलं आहे, तेवढा तुकडा कापून टाका. दोन खोल्यांत टीव्ही हवा म्हणून स्प्लिटर (एका वायरीच्या दोन वाटा करणारा जोड) लावू नका. दुसऱ्या बॉक्सशिवाय त्याचा उपयोग नाही, उलट सिग्नल अर्ध्याहून कमी होतो.

हे सगळं करताना तिन्ही वस्तूंच्या पिना बोर्डातून काढलेल्या हव्यात, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दोन पिनांच्या वस्तूंना अर्थिंग नसतं, त्यामुळे केबलच्या टोकाला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि त्याच गळक्या करंटनं एचडीएमआयचं भोक जळू शकतं. नीट झटका बसत असेल तर मात्र हात लावू नका, ऑपरेटरला बोलवा. खांबावरच्या वायरीत दोष असू शकतो. पडद्यावर आडवे पट्टे हळूहळू सरकत असतील तर अर्थिंगचा घोळ समजा. तिन्ही वस्तू एकाच बोर्डावर घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी टाका.

आता रेकॉर्डिंग. रेकॉर्डरच्या रिमोटवर इनपुटचं बटण दाबत एल१ वर या. बॉक्सवरचं चॅनल टीव्हीत दिसलं की वाट मोकळी. ४.७ जीबीच्या एका डिस्कवर सर्वात चांगल्या दर्जात १ तास मावतो, एसपी या मध्यम दर्जात २ तास, एलपी या कमी दर्जात ४ तास. कीर्तन किंवा शेतीचा कार्यक्रम एलपीत चालतो. कुस्ती, क्रिकेट, नाच एसपीच्या खाली घेऊ नका, हालचालीत चित्र फुटतं. डीव्हीडी-आर एकदाच भरता येते, आरडब्ल्यू पुसून पुन्हा वापरता येते. रोजचं आरडब्ल्यूवर घ्या, जपून ठेवायचं ते आरवर.

टायमर लावताना लक्षात ठेवा, रेकॉर्डर वेळेवर चालू होईल, पण बॉक्सचं चॅनल तो बदलू शकत नाही. बॉक्स त्याच चॅनलवर चालू ठेवावा लागतो, आणि त्याच्या मेनूत काही तासांनी आपोआप बंद होण्याची सोय असेल तर ती काढावी लागते. काही कार्यक्रमांवर नक्कल रोखणारी खूण असते. रेकॉर्डर तसा संदेश दाखवून थांबला तर तो दोष वायरीचा नाही. याच एल१ वर जुना व्हीसीआर लावून लग्नाच्या कॅसेटीही डिस्कवर उतरवता येतात. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चालवू नका, व्हीसीआरचं हेड खराब होतं.

आपल्याकडे खरा धोका लाईन जाण्याचा. रेकॉर्डिंग चालू असताना लाईन गेली तर डिस्कची अनुक्रमणिका अर्धवट राहते आणि सगळीच डिस्क वाचली जात नाही. लोडशेडिंगची वेळ टाळा, किंवा बॉक्स आणि रेकॉर्डर इन्व्हर्टरवर घ्या. टीव्ही बंद असला तरी रेकॉर्डिंग होतं. काम झालं की डिस्क ‘फायनलाइज’ करा. त्याशिवाय ती दुसऱ्या प्लेअरवर बहुधा लागत नाही. याला काही मिनिटं लागतात, आणि या मिनिटांत लाईन जाणं सर्वात वाईट.

जागा निवडताना कूलरचा विचार करा. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, कूलर दिवसभर चालतो, आणि त्याच्या झोतातली ओल पिनांवर बसते. तिन्ही वस्तू झोतापासून दूर ठेवा, एकावर एक रचू नका, रेकॉर्डरच्या वर चार बोटं जागा मोकळी सोडा. जूनच्या सुरुवातीला आभाळ गडगडायला लागलं की बोर्डातल्या पिनांसोबत बॉक्समागची केबलची वायरही काढा. आभाळातली वीज खांबावरच्या केबलमधून आत येते, बोर्डाचं बटण तिला अडवत नाही. पण विजांचा कडकडाट घरावर आलेला असताना वायरीला हात लावू नका. ढग दूर आहेत तोवरच ती काढून ठेवा.