चामड्याचे सॅडल आणि लांबचा पल्ला : महिला सायकलस्वारांनी या चुका टाळाव्यात

ठाण्यातून पहाटे अंधारात निघायचे, शहापूरपर्यंत जायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे, अशा रविवारच्या फेऱ्यांमध्ये पहिल्या चहाच्या थांब्यावर महिलांच्या गटात एक विषय हमखास निघतो आणि तो नेहमी हळू आवाजात निघतो. ‘सीट टोचते’ एवढेच सांगून बोलणारी थांबते, ऐकणारी मान डोलावते आणि जेलचे कव्हर घे, असा सल्ला मिळून विषय संपतो. वास्तविक या दोन शब्दांत निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. बसण्याच्या हाडांखाली दुखणे ही एक, पुढच्या मृदू भागावर दाब येऊन तो सुजणे किंवा बधिर होणे ही दुसरी आणि मांडीच्या आतली कातडी घासून सोलवटणे ही तिसरी. पहिली तक्रार नव्या चामड्यावर अपेक्षितच असते आणि ती काही आठवड्यांत ओसरते. दुसरी कितीही किलोमीटर सोसले तरी आपोआप जात नाही, कारण तिचे मूळ सॅडलच्या आकारात किंवा बसण्याच्या ठेवणीत असते. तिसरी बहुधा रुंदी, उंची आणि कपडे यांच्याशी निगडित असते. नेमके कुठे दुखते हे ठरवल्याशिवाय सॅडलवर पैसे घालणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे कारभार होय.

अंगठ्याने दाबून पारख करणे

दुकानात सॅडल हातात घेताच आपण अंगठा दाबून पाहतो आणि जे अधिक दबते ते आरामशीर समजतो. चामड्याच्या सॅडलला ही परीक्षा लागू होत नाही. त्यात फोम नसतो. साधारण पाच मिलिमीटर जाडीचा, वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेला चामड्याचा एकच तुकडा पुढे आणि मागे पोलादी सांगाड्यावर रिव्हेटने, म्हणजे धातूच्या ठोकलेल्या खिळ्यांनी, ताणून बसवलेला असतो. म्हणजे रचनेने ते खाटेच्या नवारीसारखे असते. १८६६ मध्ये बर्मिंगहॅम येथे सुरू झालेल्या ब्रुक्स कंपनीचे बी-१७ हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. नवे असताना ते पाटासारखे कडक लागते, परंतु पुढे दोन हाडांखाली दोन उथळ खळगे पडतात आणि वजन तिथेच तोलले जाते. याउलट मऊ फोममध्ये हाडे खोल रुततात आणि मधला फोम वर उचलला जाऊन नेमका मृदू भागावर दाबला जातो. उपवन तलावाला दोन फेऱ्या मारणाऱ्या स्त्रीला हा फरक जाणवत नाही. साठाव्या किलोमीटरला तो पुरेपूर जाणवतो.

चामड्यावर जेलचे कव्हर चढवण्याच्या प्रकाराला तर मराठीत ‘खोगीरभरती’ हा तयार शब्द आहे. कव्हरमुळे हाडांचा ठसा चामड्यावर उमटत नाही, कव्हर इकडेतिकडे सरकून कातडी घासते आणि ज्या गुणासाठी चामडे घेतले तोच वाया जातो.

‘महिलांसाठी’ या शिक्क्यावर विसंबणे

माझी स्वतःची पहिली खरेदी याच चुकीची होती. ‘मॅडम, हे लेडीज आहे’ या एका वाक्यावर मी २०० मिलिमीटरहून रुंद, मागे दोन भक्कम स्प्रिंगा असलेले सॅडल घेतले. ते सॅडल वाईट नव्हते, परंतु ताठ पाठीने, उंच हँडल धरून बाजारात जाण्यासाठी बनवलेले होते. माझ्या सायकलचे हँडल खाली आणि पुढे होते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ येईपर्यंत दोन्ही मांड्या त्याच्या कडांना घासून लाल झाल्या आणि प्रत्येक पेडलला स्प्रिंगांची कुरकुर ऐकू येत राहिली, ती निराळी. पुढे ते निम्म्या किमतीला विकले.

चामड्याच्या सॅडलमध्ये महिलांसाठी म्हणून जे प्रकार मिळतात, त्यांतील मुख्य फरक अनेकदा रुंदीत नसून लांबीत असतो. बी-१७ ची रुंदी साधारण १७५ मिलिमीटर असते आणि त्याच्या ‘एस’ या आखूड प्रकाराची रुंदीही जवळपास तेवढीच असते. फक्त नाक, म्हणजे पुढचा निमुळता भाग, सुमारे तीन सेंटीमीटरने तोकडे असते. घोळदार कपड्यांत चढण्याउतरण्यासाठी ते सोयीचे आहे. परंतु जी स्त्री ड्रॉप हँडलवर, म्हणजे खाली वळलेल्या टोकांच्या हँडलवर, वाकून बसते तिला आखूड नाक कधीकधी अधिक बोचते, कारण नाकाखालचा पोलादी भाग आणि ताणाचा (चामडे ताणून धरणारा) बोल्ट तिच्या वजनाच्या अधिक जवळ येतात आणि लांबच्या प्रवासात पुढे-मागे सरकून जागा बदलायला वावही कमी उरतो. त्यामुळे आखूड प्रकार घ्यावा की नेहमीचा, हे स्त्री-पुरुष भेदापेक्षा आपली पाठ किती वाकते यावरून ठरवावे.

माप न घेता रुंदी ठरवणे

स्त्रियांच्या ओटीपोटाच्या हाडांची खालची कमान सरासरीने अधिक रुंद असते, हे खरे आहे. परंतु दोन स्त्रियांमधला फरक पुष्कळ असू शकतो आणि बाहेरून दिसणाऱ्या बांध्यावरून किंवा वजनावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. एखाद्या सडपातळ मुलीचे माप तिच्या स्थूल मावशीपेक्षा जास्त निघू शकते. सुदैवाने हे माप घरी फुकट घेता येते.

कुरिअरच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा कापून तो इमारतीच्या जिन्याच्या पायरीवर ठेवावा. पायरी खुर्चीपेक्षा बरी, कारण ती कडक असते आणि बुटकी असल्याने गुडघे वर येतात. पातळ कपड्यांत त्यावर बसावे, सायकलवर वाकतो तितके पुढे वाकावे, दोन्ही हातांनी पायरीची कड धरून स्वतःला खाली दाबावे आणि अर्धा मिनिट तसेच राहावे. उठल्यावर पुठ्ठ्यावर खडू आडवा धरून हलकेच फिरवला की दबलेले दोन लंबगोल खळगे कोरे राहतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर पट्टीने मोजावे. माझे १३० मिलिमीटर भरले. माझ्याबरोबर ऐरोलीहून येणाऱ्या मैत्रिणीचे ११२.

इथे चामड्याच्या सॅडलची एक खोच लक्षात घ्यावी लागते. कागदावर छापलेली रुंदी ही मागच्या पोलादी पट्टीसह मोजलेली असते आणि त्या पट्टीवर, रिव्हेटच्या रांगेवर, हाड टेकून उपयोग नाही. ते तिच्या पुढच्या, झुलणाऱ्या चामड्यावर टेकले पाहिजे. त्यामुळे हाडांमधील अंतरापेक्षा सॅडल निदान ३० ते ४० मिलिमीटर रुंद असावे असे मी मानते आणि पाठ जितकी ताठ, तितकी रुंदी वाढवावी. या हिशेबाने सुमारे १५० मिलिमीटर रुंदीचे अरुंद सॅडल माझ्या मैत्रिणीला जेमतेम चालले असते, मला मात्र अजिबात नाही. रिव्हेटची डोकी टोचत असल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक जणींचे सॅडल एक तर अरुंद असते किंवा त्या फार मागे बसत असतात.

मध्ये खाच किंवा भोक असलेले सॅडल घ्यावे का, हा प्रश्न नेहमी येतो. मृदू भागावर दाब येणाऱ्या अनेकींना त्याने स्पष्ट आराम मिळतो. मात्र चामडे सैल पडले की खाचेच्या दोन्ही कडा खाली झुकून चिमटा बसल्यासारखे वाटू शकते, आणि म्हणूनच अशा काही सॅडलच्या खालच्या बाजूंना दोरी ओवण्यासाठी छिद्रे दिलेली असतात. रुंदी आणि ठेवण बरोबर असूनही दाब राहिला, तरच खाचेकडे वळावे.

दोष ठेवणीचा, शिक्षा सॅडलला

सर्वांत जास्त पैसे याच चुकीत जातात, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगते. पुष्कळ स्त्रिया पुरुषांच्या मापाने बनलेल्या, लांब चौकटीच्या सायकली चालवतात. हँडल दूर पडते, हात पुरत नाहीत आणि नकळत शरीर सॅडलच्या नाकाकडे सरकते. नाकावर हाडांना आधार नसतो. तिथे सगळे वजन मृदू भागावर येते. अशा वेळी जगातले कोणतेही सॅडल टोचणारच. तपासण्याची रीत सोपी आहे. सॅडलच्या रुंद भागावर, मागच्या पट्टीच्या किंचित पुढे नीट बसावे आणि कोपरे थोडी वाकलेली ठेवून ब्रेकपर्यंत हात पोहोचतात का ते पाहावे. पोहोचत नसतील तर हँडल धरणारा स्टेम आखूड घ्यावा किंवा हँडल वर घ्यावे. हा खर्च नव्या सॅडलच्या मानाने किरकोळ असतो.

दुसरी गफलत नाकाच्या कलाची. पुढे टोचते म्हणून नाक खाली झुकवले जाते, नाक झुकल्याने शरीर पुढे घसरते, घसरण थोपवण्यासाठी हातांवर भार येतो आणि वाशीहून बेलापूर गाठेपर्यंत तळहात बधिर होतात. मग हातमोजे बदलले जातात! चामड्याचे सॅडल मध्ये झोळीसारखे दबते, त्यामुळे ते सपाट किंवा नाक अगदी किंचित वर असेच चांगले बसते. सॅडलवर मागच्या कडेपासून नाकापर्यंत एक कडक पट्टी ठेवावी, तिच्यावर मोबाइलमधले लेव्हल पाहावे, तिथून सुरुवात करावी आणि पुढचा बदल एक-दोन अंशांहून अधिक करू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि आधीची खूण चिकटपट्टीने करून ठेवावी, नाहीतर कशाने बरे वाटले ते कळतच नाही.

उंचीचे निदान मागून येणाऱ्या मैत्रिणीवर सोपवावे. पेडल तळाशी असताना त्यावर टाच टेकवली तर पाय जेमतेम सरळ व्हावा. कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सॅडल उंच आहे, आणि त्या डोलण्यानेच कातडी घासली जाते. चामड्याच्या सॅडलचे रेल, म्हणजे ते ज्यांवर पकडून बसवतात त्या खालच्या दांड्या, बहुधा आखूड असतात, त्यामुळे सॅडल पुरेसे मागे सरकत नसल्यास मागे वळण असलेला सीटपोस्ट (सॅडलखालचा उभा दांडा) लागतो. याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

घाई आणि तेल

२०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीसाठी, साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले बरेच तास बसूनच काढायचे असतात, आणि आदल्या आठवड्यात घेतलेले कोरे सॅडल घेऊन तिथे जाणाऱ्या उत्साही मंडळींची मला खरोखर काळजी वाटते. चामडे रुळायला साधारण ३०० ते १००० किलोमीटर लागू शकतात. सुरुवातीला पाम बीच रस्त्यासारख्या सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटरच्या फेऱ्या कराव्यात आणि हाडांखालचा ठणका दुसऱ्या दिवशी किती उरतो याकडे लक्ष ठेवावे. तो दर आठवड्याला कमी होत असेल तर सगळे बरोबर चालले आहे.

ही वाट कमी करण्यासाठी सॅडल पाण्यात भिजवणे किंवा त्याला खोबरेल तेल चोपडणे हे आपल्याकडचे दोन आवडते उपाय आहेत आणि दोन्ही घातक आहेत. तेल मुरले की चामडे इतके मऊ होते की ते मध्ये खोल बसते, कडा फाकतात आणि पुढचा बोल्ट वर उठल्यासारखा बोचू लागतो. एका ओळखीच्या काकूंनी सासूबाईंच्या भरवशाच्या बाटलीतले तेल तीन रात्री लावले. चौथ्या रविवारी ते सॅडल जुन्या चपलेसारखे दिसत होते. चामड्यासाठी बनवलेले, मेणाचा अंश असलेले मलम सुरुवातीला वरून-खालून आणि नंतर काही महिन्यांनी एकदा पातळ लावावे, रात्रभर ठेवावे आणि सुती फडक्याने पुसून चकाकी आणावी.

ताणाच्या बोल्टशी खेळ करू नये. नव्या सॅडलच्या बोल्टला हातही लावू नये. पुष्कळ वापरानंतर चामडे स्पष्टपणे ओघळले असेल तरच पान्याने पाव फेरा द्यावा आणि काही फेऱ्या थांबावे. जोरात आवळल्यास रिव्हेटजवळ चामडे फाटते आणि त्यावर इलाज नाही.

कपडे आणि कातडी

पॅड असलेल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालू नये. त्याची शिवण हीच घासण्याची रेघ असते. चामड्यावर जाड पॅडपेक्षा पातळ पॅड बरे. मासिक पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा लांब पल्ल्यावर फार त्रास देतात, त्यामुळे ज्यांना चालते त्यांनी मेन्स्ट्रुअल कपचा विचार करावा, मात्र त्याची पहिली चाचणी मोठ्या फेरीच्या दिवशी करू नये. मोठ्या फेरीच्या आदल्या दिवशी वॅक्सिंग किंवा शेव्हिंग केल्यास घर्षणाने केस आत वाढून पुळ्या येतात. सायकलवरून उतरल्यानंतरही बधिरता तासन्‌तास राहत असेल, सूज वारंवार येत असेल किंवा गळवाबरोबर ताप असेल, तर सायकलच्या दुकानाऐवजी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. नव्या, गडद रंगाच्या चामड्याचा रंग घामाने कपड्यांना लागतो, म्हणून सुरुवातीला काळी शॉर्ट्स घालावी.

आपला पावसाळा

ज्या देशांत ही सॅडले घडली तिथली रिमझिम वेगळी आणि जुलैतले ठाणे वेगळे. भिजलेल्या चामड्यावर बसून चालवले की ते वेडेवाकडे ताणले जाते. वरून पडणाऱ्या पावसाची सर्वांना आठवण असते, परंतु मागच्या चाकाने उडवलेले पाणी खालच्या, कच्च्या बाजूवर बसते आणि ती बाजू जास्त पाणी पिते. म्हणून पावसाळ्यात मागे मडगार्ड हवेच. सायकल उभी असताना अंघोळीची प्लास्टिकची टोपी सॅडलवर अगदी बेतल्यासारखी बसते. मात्र ती रात्रभर ठेवू नये. भिजलेले सॅडल पंख्याखाली सावकाश वाळवावे. ऊन, हेअर ड्रायर किंवा इस्त्री यांनी ते कडक होऊन तडकते. बंद बाल्कनीत महिनाभर ठेवलेल्या सॅडलवर पांढरी बुरशी येतेच; ती कोरड्या कापडाने उघड्या जागी पुसावी, दोन दिवस वारा लागू द्यावा आणि मग पातळ मलम लावावे.

मी स्वतः जून ते सप्टेंबर चामड्याचे सॅडल काढून कपाटातल्या सुती पिशवीत ठेवते आणि व्हल्कनाइज्ड रबराचे, वर सुती कापड असलेले सॅडल बसवते. ते रुळण्याची वाट पाहावी लागत नाही आणि ज्यांना धार्मिक किंवा इतर कारणाने चामडे नकोच असते त्यांच्यासाठी तो बाराही महिन्यांचा पर्याय आहे. बदल करताना सीटपोस्टसह काढावे आणि सीटपोस्टवर उंचीची खूण करून ठेवावी, म्हणजे ऑक्टोबरमध्ये कल आणि अंतर पुन्हा जुळवण्यात दोन रविवार जात नाहीत.