सायबर सुरक्षेची तुकडी बसवायची, तर आधी कापसाचा हंगाम बघा

यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं संगणक केंद्र आहे आणि तिथेच मी मुलींची सायबर सुरक्षेची तुकडी चालवते. आमच्याकडेही असं काही सुरू करायचं आहे म्हणून फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: अभ्यासक्रम कोणता घेता? मी उलट विचारते, तुमच्याकडे वेचणी कधी लागते?

ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला येतं, त्याच्यामागे कापूस फुटतो. मजुरी किलोवर असते, त्यामुळे शाळेतून आलेली पोरगीही ओटी बांधून पऱ्हाटीत जाते. जानेवारी सरेपर्यंत हे चालतं, मग बारावीची प्रॅक्टिकल आणि परीक्षा. म्हणजे खरी शिकवणी दोनदाच जमते: परीक्षा आटोपल्यावर एप्रिल-मे, आणि पावसाळ्यात निंदण हलकं झालं की पोळ्याच्या आगेमागे. उन्हाळ्यात सकाळी 7 ते 10, त्यापुढे टिनाच्या खोलीत कोणी बसू शकत नाही. वेचणीच्या दिवसांत तुकडी बंद करू नका, पण नवीन काही काढूही नका. घरी फोनवर सोडवता येईल एवढंच द्या.

गाडीचंही तसंच. मुलींना शाळेत नेणारी मानव विकासची निळी बस शाळेच्या वेळेला असते, सुट्ट्यांत तिच्यावर विसंबता येत नाही. बायांना 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे लहानीसोबत आई किंवा मोठी बहीण येऊ शकते. तिलाही बसायला खुर्ची द्या. वर्ग सुटण्याची वेळ गाडीवरून ठरवा. आणि संडासाला आतून कडी आहे का, हे पहिल्या दिवसाआधी स्वतः जाऊन बघा.

आता घर. बहुतेक उपक्रम इथेच गचके खातात. शाळेत साहेब येतात, ब्लॅकमेल आणि अश्लील फोटोंच्या भीषण गोष्टी सांगतात, ‘मुलींनो सावध राहा’ म्हणतात आणि जातात. संध्याकाळी ते घरी कळतं आणि फोन बापाच्या खिशात जातो. ज्या मुलीला या क्षेत्रात आणायचं, तिच्याच हातातलं यंत्र आपण काढून घेतो. म्हणून माझा नियम साधा आहे: पालकांच्या बैठकीत मुलींच्या धोक्यावर एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं पैशांवर.

एक कास्तकार मला म्हणाले, ‘‘पोरीच्या हातात मोबाईल म्हणजे डोक्याले घोर हाये, मॅडम.’’ मी त्यांना विचारलं, पीएम किसानचा हप्ता आला म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल येते, ती गावात कोणाला आली का? बैठकीतले तीन-चार हात वर झाले. कोणाला चलानाची, कोणाला लग्नपत्रिका म्हणून आलेली. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे ती फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल होती, हे कोणी पाहिलं नव्हतं. मग सांगितलं, तुमची मुलगी हेच ओळखायला शिकणार आहे. पुढे फारसं समजवावं लागलं नाही.

ही फाईलच पहिला धडा करा. एपीके म्हणजे आत अनेक फायली बांधलेलं झिपचं गाठोडं. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) असलेल्या संगणकावर एपीकेटूल या साधनाने ते उघडलं की मॅनिफेस्ट नावाची फाईल वाचता येते, आणि हे अ‍ॅप फोनकडे कोणकोणत्या परवानग्या मागणार ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं. सराव चांगल्या, कोड सगळ्यांना खुला असलेल्या अ‍ॅपवर करा. खरी लबाड फाईल मुलींच्या फोनमध्ये कधीच येऊ देऊ नका. मी लबाड अ‍ॅपची परवानग्यांची यादी वेगळी छापून ठेवते आणि दोन्ही कागद शेजारी-शेजारी देते. कॅल्क्युलेटरला एसएमएस वाचायची गरज नसते. हप्ता दाखवणाऱ्या अ‍ॅपला आलेला एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी? थोडा वेळ सगळ्या गप्प बसतात, मग कोणीतरी म्हणतं, ‘‘ओटीपी.’’ ते उत्तर तुम्ही सांगू नका, वाट पाहा.

यंत्रांसाठी अडून बसू नका. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक, चालवायची तर 8 जीबी रॅम हवी, पण जुन्या 4 जीबीच्या डब्यावर हलकं लिनक्स टाकलं की सुरुवातीचं सगळं होतं. इन्व्हर्टर मात्र घ्याच. लाईन जाते तेव्हा अर्धवट राहिलेलं काम मुली पुन्हा सुरू करत नाहीत. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, त्यांना एफ-ड्रॉइड या फुकट अ‍ॅपच्या दुकानातून टर्मक्स (फोनवर लिनक्सच्या आज्ञा लिहायचं अ‍ॅप) घेऊन द्या आणि ओव्हरदवायर या संकेतस्थळाचा ‘बँडिट’ खेळ लावून द्या. तो फुकट आहे आणि सगळा अक्षरांचा, त्यामुळे डेटा नावालाच लागतो. दूरच्या सर्व्हरवर शिरायचं, तिथे दडलेला पासवर्ड शोधायचा, तो वापरून पुढच्या पायरीवर जायचं.

पहिली पायरी सोपी: रीडमी नावाची फाईल, कॅट ही आज्ञा आणि फाईलचं नाव लिहिलं की वाचता येते. दुसरीत फाईलचं नावच नुसतं डॅश असतं. कॅट आणि डॅश लिहिलं की पडदा गप्प बसतो, कारण संगणक ती फाईल न उघडता तुमच्या टायपिंगची वाट पाहत असतो. मुलींना वाटतं नेट गेलं. इथे घाई करू नका. डॅशच्या आधी टिंब आणि तिरपी रेघ, म्हणजे ‘या फोल्डरमधली’, असं लिहिलं की फाईल उघडते. मराठी माध्यमातल्या मुलीला इंग्रजीची धास्ती असते. ही पायरी ओलांडली की तिला कळतं, इथे गाडी इंग्रजीवर अडली नव्हती. त्यापुढे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचं पिकोसीटीएफ हे सायबर कोड्यांचं संकेतस्थळ आहे, 13 वर्षांवरच्यांना फुकट. तिथली कोडी मी आधी मराठीत तोंडी सांगते, मग इंग्रजी वाचायला लावते. मुलांची तुकडी वेगळी ठेवा, नाहीतर कीबोर्ड त्यांच्याकडे आणि वही मुलींकडे, हे ठरलेलं.

हात चालायला लागले की पंधरवड्यात कोणीतरी हळूच विचारते, ‘‘मॅडम, भाटव्याचं व्हॉट्सअ‍ॅप पाहता येते का?’’ रागावू नका, पण त्याच दिवशी कायदा शिकवा. परवानगीशिवाय, लबाडीने दुसऱ्याच्या यंत्रात किंवा खात्यात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 खाली गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्याचं वायफायही त्यातच. मराठीत अर्ध्या पानाचा करार करा आणि मुलगी व पालक, दोघांच्या सह्या घ्या.

दुसरी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायची. एखादी मुलगी कधीतरी स्वतःबद्दल सांगेल: फोटो, धमकी, कोणीतरी मागे लागलेलं. ती 18 च्या आतली असेल आणि लैंगिक गुन्हा असेल, तर पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे तुम्हाला तो कळवावाच लागतो. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही हे तिला आधीच माहीत असू द्या. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर फळ्यावर कायमचा लिहा. पुरावा म्हणून चॅट आणि प्रोफाइलची लिंक ठेवायची, घाबरून पुसायची नाही. ‘टेक इट डाऊन’ ही अल्पवयीनांचे असे फोटो नेटवरून काढायला मदत करणारी सेवा फोटो फोनबाहेर न नेता त्याचा फक्त हॅश, म्हणजे फोटोवरून काढलेला ठशासारखा आकडा, घेते, तेव्हा हॅशिंग शिकवायचं असेल तर यापेक्षा नीट उदाहरण मिळणार नाही.

तुकडी तयार झाली की बचत गटाच्या बैठकीत न्या. लिंक कशी वाचायची, सुरुवातीच्या https:// नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचं शेवटचं नाव कसं खरं असतं, आणि पैसे गेले तर बँकेचा एसएमएस हातात ठेवून लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन कसा लावायचा, हे मुलीच सांगतात. पुढच्या महिन्यात बाया त्यांच्या दारात फोन घेऊन येतात. मग बापाचं फोनबद्दलचं बोलणं बदलतं, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही.

नोकरीचं खरं सांगा. 2018 चा सायबरशिक्षा उपक्रम मायक्रोसॉफ्ट आणि डीएससीआय या माहिती-सुरक्षेच्या संस्थेने काढला तो अभियांत्रिकी झालेल्या मुलींसाठी. दहावी-बारावीच्या मुलीला तिथपर्यंत नेणारी शिडी आपल्यालाच लावायची आहे. दहावीनंतर आयटीआयचा कोपा, म्हणजे संगणक चालवण्याचा अभ्यासक्रम, एका वर्षाचा. तंत्रनिकेतनातली संगणकाची पदविका तीन वर्षांची, तिथून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी 2024-25 पासून शासनाने पूर्ण माफ केली आहे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर हे कागद उन्हाळी वर्गातच काढून घ्या, निकालानंतर तहसीलीत रांग लागते.

सुरुवातीच्या बऱ्याच नोकऱ्या सॉकमध्ये, म्हणजे चोवीस तासांच्या पहारा-कक्षात असतात, आणि तिथे रात्रपाळी आली. पालकांपासून हे लपवू नका. महाराष्ट्रातल्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि ने-आणीची सोय मालकाने करायची असते. मुलाखतीत हे विचारायला मुलींना शिकवा. नको असेल तर ऑडिट आणि धोरणाचं काम दिवसाचं असतं.

निधीवाले प्रमाणपत्रांची संख्या मागतील. ती द्या, पण स्वतःच्या वहीत एकच रकाना मन लावून भरा: वेचणीनंतर परत कोण आल्या. आणि लग्न ठरलं म्हणून हजेरीतून नाव खोडू नका. सासरचा तालुका विचारून ठेवा, तिथे कोणाचं केंद्र असेल तर त्यांना आधीच फोन करा, आणि खेळाची पुढची पायरी तिला पाठवत राहा. टर्मक्स तिच्या फोनमध्ये आहेच.