आरशासारखा बोअर

नाशिकच्या सातपूर आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजला लागलो. इंजिनकाम म्हणजे तेव्हा पाठ झालेला पाढा. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण उघडायचं, बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक बघायचं. होनिंगच्या, म्हणजे दगडाने घासून पाडलेल्या, तिरप्या रेघा पुसून भिंत चकाकत असेल तर ग्लेझ म्हणजे गुळगुळीत झालाय, दगड फिरवायचा. जास्तच घासला असेल तर अंबडला मशीन शॉपवर पाठवून 0.50 ओव्हरसाइझ, म्हणजे व्यास अर्धा मिमी मोठा, करून आणायचा.

तोच पाढा मी एका बीएमडब्ल्यूवर म्हटला. चार सिलिंडर, 82 मिमीचे बोअर. एकात उभा ओरखडा, बाकी तीन लख्ख आरसे. मी चारही बाद ठरवले आणि वस्ताद गावाला गेलेले असताना ब्लॉक, म्हणजे हे चार बोअर असलेला इंजिनाचा मुख्य ठोकळा, टेम्पोत घातला. परत आला तेव्हा आत नुसतं पांढुरकं ॲल्युमिनियम. वस्ताद आले, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "साल सोलून आणलीस की रे!"

झालं काय ते समजून घ्या. या ब्लॉकच्या बोअरमध्ये ओतीव लोखंडाचा लायनर, म्हणजे आत बसवलेली नळी, नसतोच. ॲल्युमिनियमचा बोअर आधी खडबडीत करतात आणि वितळलेल्या पोलादी तारेचे थेंब जोरात त्यावर फवारतात. थेंब आपटून चपटे होतात, खाचांत रुतून बसतात. होनिंगनंतर हा थर उरतो 0.1 ते 0.15 मिमी. 0.50 ओव्हरसाइझ म्हणजे प्रत्येक बाजूने 0.25. गणित चौथीतल्या पोराचं आहे, पण मी केलं नव्हतं.

आणि तो आरसा? थरात बारीक छिद्रं असतात, तेल त्यांत धरून राहतं. खोल रेघांची गरजच नाही, म्हणून नवा कोराही असाच चकाकतो. मर्सिडीज याला नॅनोस्लाइड म्हणते. निसान जीटी-आरच्या बोअरलाही असाच प्लाझ्माने फवारलेला थर आहे.

ओळखायचं कसं? ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग पुसून बघा. लायनर असेल तर बोअरभोवती वेगळ्या धातूचं कडं दिसतं. फवारलेल्यात ते नसतं. निव्वळ चुंबकावर विसंबू नका, पातळ थरही पोलादाचाच आहे, थोडाफार ओढतोच.

मग मोजा, आणि मोजल्याशिवाय दगडाला हात लावू नका. बोअर गेज तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा. आपल्याकडे एप्रिलात पत्र्याखाली मोजमापाचा पार विचका होतो: 82 मिमीचा ॲल्युमिनियमचा बोअर दर अंशाला जवळपास 2 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) फुगतो. ब्लॉक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजायचं. वेडेपणा वाटेल, मलाही वाटला होता.

माप कंपनीच्या मर्यादेत असेल तर बोअर धुवा, पिस्टनच्या रिंगा त्याच इंजिनासाठी सांगितलेल्या घाला, बस. नखाला अडकणारा ओरखडा असेल तर तीनच वाटा: नवा शॉर्ट ब्लॉक (पिस्टनसकट जुळवलेला, हेडशिवायचा ब्लॉक), सोय असलेल्या ठिकाणी पुन्हा फवारणी, नाहीतर बोअर मोठा करून लायनर ठोकणं. लायनरला दोन सिलिंडरांमधली भिंत पुरते का, ते आधी बघावं लागतं.

आमच्या ब्लॉकला चार लायनर बसले. पैसे माझ्या पगारातून सात महिने कापले गेले. आता अशी गाडी आली की हेडला पाना लावायच्या आधीच मी गिऱ्हाइकाला या तीन वाटा सांगतो. निम्मे लोक तिथेच गाडी परत नेतात.