प्रीमॅच्युअर बाळांच्या श्वासावर थीसिस घेताय? मग हे वाचा

नागपूरचं मेडिकल कॉलेज असो की मेयो हॉस्पिटल, अ‍ॅप्नियावर काम करायचं असेल ना भाऊ, तर मॉनिटर सोडून आधी बाळाच्या छातीकडे बघत बसा. श्वास 20 सेकंद थांबला, किंवा त्याहून कमी थांबून हार्ट रेट नाहीतर सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजन) पडलं, की तो अ‍ॅप्निया. गंमत अशी की मान वाकून श्वासाची वाट दबली तर छाती हलतच राहते, हवा आत जात नाही अन् मॉनिटर बिचारा श्वास मोजतच राहतो, म्हणून मानेची पोझिशन, फीड कधी दिलं, कॅफिन (श्वास चालू ठेवायचं औषध) कधी सुरू झालं, सगळं तिथल्या तिथं लिहा, राउंडनंतर कोणाला काही आठवत नाही. सिस्टरला विचारत जा, त्यांना आपल्याआधी कळते. जुनं पण वाचा, अशा बाळांच्या फुफ्फुसात सरफॅक्टंटची (फुफ्फुसं मिटू न देणाऱ्या पदार्थाची) कमी एव्हरी अन् मीड या संशोधकांनी 1959 मध्येच दाखवली होती.