सॉफ्टवेअर आधी सँडबॉक्समध्ये चालवून बघा

नाशकात द्राक्षाचा हंगाम आला की कुणीतरी पेनड्राइव्हवर हिशेबाचं ‘फुकट’ सॉफ्टवेअर आणतंच. थेट मशीनवर टाकलं की सोबत नको ते टूलबारही येतात; मग ते काढताना नाकी नऊ.

त्यापेक्षा आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे खऱ्या मशीनपासून वेगळ्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये चालवून बघा. विंडोज १० किंवा ११ प्रो असेल तर:

१. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये ‘विंडोज सँडबॉक्स’वर टिक करून मशीन रीस्टार्ट करा.
२. सँडबॉक्स उघडून सेटअपची फाइल त्यात पेस्ट करा, तिथेच इन्स्टॉल करा.
३. सॉफ्टवेअरवाल्यांचा डेमो बघत बसू नका, आपल्या पद्धतीचं बिल करा. ‘दिंडोरी’ असं मराठीत लिहिलं तर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात का? क्रेट आणि किलो वेगळे लिहिता येतात का?

गिऱ्हाइकांची खरी नावं मात्र टाकू नका. आत इंटरनेट चालू असतं. विंडो बंद केली की सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ही सोय नाही.