पहिली वेबसाइट बनवताना या चुका टाळा

‘माझ्या कॉम्प्युटरवर तर सगळं नीट दिसतंय!’ अशी तक्रार आली की मी आधी फाइलची नावं बघायला मागतो. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

एका ओळखीच्या गृहस्थांनी पक्ष्यांच्या फोटोंची साइट केली होती. अपलोड केल्यावर निम्मे फोटो गायब. त्यांनी फोटो पुन्हा चढवले, थीम बदलली, कुठूनतरी तयार कोड आणून चिकटवला आणि शेवटी पैसे भरून होस्टिंगही (साइट ठेवण्याची भाड्याची जागा) बदललं. फोटो काही दिसेनात. मी ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडला आणि पान रिफ्रेश केलं. लाल ओळींची रांग लागली, प्रत्येकीपुढे ४०४. म्हणजे त्या नावाची फाइल सर्व्हरला (साइट ठेवलेल्या कॉम्प्युटरला) सापडतच नव्हती. कॅमेऱ्याने ‘जेपीजी’ हे एक्स्टेन्शन कॅपिटल अक्षरांत दिलं होतं आणि कोडमध्ये ते स्मॉल लिहिलं होतं. विंडोज हा फरक मानत नाही, पण बहुतेक होस्टिंग लिनक्सवर चालतं आणि लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइल.

पान काय बिनसलंय ते सांगत असतं, पण नवख्या माणसाला ते वाचायला धीर नसतो. एकदम पाच गोष्टी बदलल्या की मूळ दोष कुठला आणि आपण नवा घातलेला कुठला, हेच कळेनासं होतं. मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि लगेच बघतो. फाइलची नावं स्मॉल इंग्रजी अक्षरांत, स्पेसच्या जागी हायफन. कोडमध्ये नाव हाताने टाइप करत नाही, कॉपी करून पेस्ट करतो.

कोडमध्ये फोटोचा पत्ता तुमच्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हपासून सुरू होत असेल, तर तो फोटो फक्त तुम्हालाच दिसणार.

मराठी मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं आली, तर फॉन्ट बदलत बसू नका. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायच्या पद्धतीत) सेव्ह करा आणि हेड टॅग उघडताच पहिली ओळ मेटा चारसेटची, म्हणजे ब्राउझरला हे एन्कोडिंग सांगणारी, लिहा. ती फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये यावी लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं असतं. ब्राउझरने एन्कोडिंगचा अंदाज चुकवला, की एकाची तीन भलतीच चिन्हं होतात. एडिटरमध्येच अक्षरांची प्रश्नचिन्हं झाली असतील, तर मात्र सेव्ह करू नका. सेव्ह केलंत की मूळ मजकूर गेला.

४००० पिक्सेल रुंदीचा फोटो कोडमध्ये ४०० केला म्हणून हलका होत नाही, वाचकाला अख्खी फाइल उतरवावी लागते. मी आधी आकार कमी करतो, मगच अपलोड.

पान स्क्रीनएवढं रुंद धरायला सांगणारी व्ह्यूपोर्टची मेटा ओळ विसरलात, तर मोबाइल ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि अक्षरं मुंगीएवढी होतात.

थेट सर्व्हरवर फाइल दुरुस्त करण्याचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. घरच्या फोल्डरमध्ये जुनी प्रत राहते, पुढच्या वेळी तीच अपलोड होते आणि सगळी दुरुस्ती पुसली जाते. बदल आधी स्वतःकडच्या फाइलमध्ये करा. गिट (बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) शिकायचं नसेल, तर निदान तारीख घातलेली फोल्डरची प्रत ठेवा.

आणि बदल दिसत नसेल, तर कोडला हात लावण्याआधी कंट्रोल-एफ५ दाबा. अनेकदा ब्राउझर साठवून ठेवलेली जुनीच सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी फाइल) वापरत असतो.