परकराच्या नाडीखालची काळी खपली

नाशिक जिल्ह्यात तापाचे रुग्ण नव्यानेच तपासू लागलेल्या इंटर्न आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

माझ्या इंटर्नशिपच्या वर्षी, भाताची सोंगणी सुरू असताना, त्र्यंबकेश्वरकडच्या एका पाड्यावरून पन्नाशीच्या मावशी आठ दिवसांचा ताप घेऊन आल्या. डोके असह्य दुखत होते, मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या निगेटिव्ह होत्या, प्लेटलेट ६० हजारांवर आल्या होत्या. टायफॉइड समजून आम्ही सेफ्ट्रियाक्सोन सुरू केले आणि ताप उतरण्याची वाट पाहत राहिलो. चौथ्या दिवशी त्यांना धाप लागली. त्याच दुपारी कपडे बदलताना सिस्टरांनी मला हाक मारली. परकराची नाडी जिथे आवळली जाते तिथे, कमरेच्या मागच्या बाजूला, मसुराएवढी कोरडी काळी खपली होती आणि भोवती लालसर कडा, जणू विडीचा चटका बसला असावा. ‘‘दुखत नाही का, मावशी?’’ ‘‘नाही ओ, नाडी घासली असंल.’’ मी रोज त्यांची छाती आणि पोट तपासत होते. नाडी मात्र एकदाही सैल करायला सांगितली नव्हती. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला आणि त्या बऱ्या होऊन घरी गेल्या.

हा स्क्रब टायफस होता. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा त्याचा जिवाणू विशिष्ट माइट्सच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कोळीवर्गीय जीवांच्या, अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. माणसाला चावते ती फक्त त्यांची अळी. ती जेमतेम ०.२ मिलिमीटरची असते आणि गवतावरून अंगावर चढून जिथे कपडा घट्ट बसतो किंवा त्वचा नाजूक असते तिथे स्थिरावते. डॉक्टरची नजर सहसा पोहोचत नाही त्याच या जागा. पुढे हा जिवाणू बारीक रक्तवाहिन्यांच्या आतील पेशींमध्ये वाढतो, वाहिन्या झिरपू लागतात, आणि म्हणूनच फुप्फुसे, मेंदू, मूत्रपिंडे एकामागून एक गुंतत जातात. पेनिसिलिन आणि सेफ्ट्रियाक्सोनच्या गटातील औषधे येथे काम करत नाहीत.

‘किडा चावला का?’ असे विचारू नका, कारण चावल्याचे कळतच नाही आणि उत्तर नकारार्थीच येते. गेल्या तीन आठवड्यांत गवत कापले का, सरपणाला गेला होता का, बांधावर बसून भाकरी खाल्ली का, असे विचारा. खपली अनेकांना नसते, आणि घाम येणाऱ्या घडीत ती काळी न दिसता उथळ व्रणासारखी दिसते. तेव्हा ती सापडली नाही म्हणून आजार नाही असे मानू नका. आयजीएम एलायझा, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी तपासणी, पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय पक्का असेल तर अहवालासाठी उपचार अडवून ठेवू नयेत. प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, गरोदर स्त्रियांना अॅझिथ्रोमायसिन. गंभीर रुग्णांत दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्याने अधिक लाभ होतो, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत दिसले. ४८ तासांत ताप हटला नाही, तर निदानाचा पुन्हा विचार करा.

तपासताना पडदा ओढा, सिस्टरांना सोबत घ्या, आपण काय शोधतो आहोत ते रुग्णाला सांगा, आणि मग काखा, जांघा, स्तनांखालची घडी, कमरेचा पूर्ण घेर आणि कानांमागची जागा बॅटरीच्या उजेडात पाहा; लहान मुलांचे केसही बाजूला सारून पाहा.